लाइन आहे का?

मी कविता लिहितो, पण कवितेवर घर चालत नाही. घर चालतं ते गोंदियाच्या बाजारातल्या आठ बाय दहाच्या एका दुकानावर. बी. ए. झालो, नोकरी लागली नाही, म्हणून १९९२ साली तिथे एसटीडीचा बूथ टाकला. पुढे त्याच जागेत नेट कॅफे झाला. आता तिथे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं काम चालतं. तीस-बत्तीस वर्षांत दुकानाची पाटी तीनदा बदलली. दारात उभं राहून माणसं विचारतात तो प्रश्न मात्र बदललेला नाही. "भाऊ, लाइन आहे का जी?"

मंडळी, आज मला या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा इतिहास सांगायला फारसं कुणी बसत नाही.

आमच्याकडे 'लाइन' हा शब्द आधी रेल्वेचा. गोंदिया हे गावच मुळी रेल्वेने मोठं केलेलं. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ गेले. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि तिने ते काम पुढे नेलं. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे छोटी लाइन निघाली, मग चांद्याकडे दुसरी. धान, तेंदूपत्ता, लाकूड या वाटांनी बाहेर जाऊ लागलं आणि रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरने कलकत्त्यात १८३९ साली तारेचा प्रयोग केला होता. १८५५ पासून पैसे भरून कुणालाही तार पाठवता येऊ लागली. म्हणजे आपल्या देशात 'संदेशसेवेचा ग्राहक' नावाचा प्राणी जन्माला येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली.

माझे अब्बा एका राइस मिलमध्ये मुनीम होते. तांदळाचे भाव, वॅगन लागल्याची बातमी, पैसे पोचल्याची खबर हे सारं तारेने चाले. तारेत शब्दाला पैसे पडत. अब्बा फॉर्मवर मजकूर लिहीत, मग एकेक शब्द खोडत जात. पाच शब्दांत सौदा पक्का करण्यात त्यांचा हातखंडा होता. माझ्या कवितेला कमी शब्दांची सवय कुठून लागली असं कुणी विचारलं, तर मी कुणा थोर कवीचं नाव घेत नाही, तारेच्या फॉर्मचं घेतो. घरी मात्र तारेची धास्ती होती. दारात तारवाला दिसला की अम्मी आधी रडायला लागायच्या आणि मग तार वाचून घ्यायच्या. तार पाठवणाऱ्याला 'आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?' असं कुणी विचारलं नाही. तार पोचली यातच समाधान होतं. १४ जुलै २०१३ हा त्या सेवेचा शेवटचा दिवस. त्या दिवशी मोठ्या शहरांच्या तारघरांत शेवटची तार करणाऱ्यांची झुंबड उडाल्याच्या बातम्या आल्या. अब्बा तेव्हा नव्हते. ते असते तर 'फुकटचे शब्द कशाला खर्च करता?' म्हणाले असते.

त्यानंतरचा काळ टेलिफोनचा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे १८८२ साली टेलिफोनचे एक्स्चेंज सुरू झाले, पण स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साऱ्या देशात फोन होते जेमतेम ऐंशी हजारांच्या घरात. मिलमध्ये काळा फोन होता. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन दर. सकाळी बुक केलेला कॉल दुपारी लागे, कधी संध्याकाळी, कधी लागतच नसे. धानाच्या मोसमात अब्बा फोनशेजारी सतरंजी टाकून झोपलेले मी पाहिले आहेत. घरी फोन हवा असेल तर अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. प्रतीक्षायादीत नाव असणं हीसुद्धा तेव्हा एक प्रतिष्ठा होती!

हे चित्र पालटलं ते १९८४ नंतर. त्या वर्षी सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था उभी राहिली. तिने खेड्यांसाठी १२८ लाइनींचा छोटा एक्स्चेंज बनवला. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला तो बसला. आकाराने लहान असला तरी त्यात एक मोठी गोष्ट होती. परदेशी यंत्रांना थंडगार वातानुकूलित खोली लागे. हा एक्स्चेंज साध्या खोलीत, धुळीत आणि उन्हाळ्यात चालावा म्हणून बनवला होता. मे महिन्यात ज्याने विदर्भ पाहिला आहे, त्याला याचं मोल सांगायला नको. यंत्र माणसाच्या हवामानाशी जुळवून घेतं आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे उलटंच होत गेलं, ते ओघाने येईलच.

पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ देशभर निघाले, त्यातलाच एक माझा. रात्री उशिरा दर पाव होत, म्हणून खरा धंदा रात्रीचा. मुलगा मुंबईला कामाला गेलेला बाप, फौजेतल्या जवानाची बायको, नागपूरच्या दवाखान्यात भरती केलेल्या माणसाचे नातेवाईक असे सगळे बाकावर बसून असत. काचेच्या खोक्यात मीटरचे लाल आकडे पळत आणि आत बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष त्या आकड्यांवर असे. मध्येच लाइन तुटली की माणूस चिडायचा तो माझ्यावर, खात्यावर नाही. खातं त्याला दिसतच नव्हतं. त्याला दिसत होतो मी. 'ग्राहकांचं समाधान' हा शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हता. ग्राहकाचा राग मात्र चांगला ठाऊक होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. वेग होता ९.६ केबीपीएस. आज आपण एक छायाचित्र पाठवतो त्याला त्या वेगाने पाऊण तास लागला असता. सुरुवात इतकी फसली की मोडेमला मोडेम लागेना, लागला तर टिकेना. ग्राहक संतापले आणि निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी आमचं चुकलं असं जाहीरपणे कबूल केलं. भारतातल्या इंटरनेटचा इतिहास अशा रीतीने ग्राहकांच्या तक्रारीने आणि एका कबुलीने सुरू झाला आहे. तक्रारी पुढे वाढतच गेल्या. कबुलीची प्रथा मात्र पुढे चालल्याचं मला आढळलं नाही.

महाराष्ट्रात मोठा प्रयोग झाला तो १९९८ च्या सुमारास, वारणानगरला. साखर कारखान्याच्या आसपासची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं संगणकाने जोडण्याची ती योजना होती. आम्ही वर्तमानपत्रात वाचून हरखून गेलो. वारणेला ऊस आहे, सहकार आहे, तसं आमच्याकडे काय? १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी आली, पाट्या आल्या. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव इथल्या माणसाला भंडाऱ्याला जायची गरज उरली नाही. तो गोंदियाला येऊ लागला, आणि हळूहळू माझ्या दुकानात येऊ लागला.

मी तीन संगणक घेऊन कॅफे सुरू केला तेव्हा टेलिफोनच्याच तारेवरून डायल-अप जोडणी मिळे. तो कर्कश सूर ज्यांनी ऐकला आहे ते विसरणार नाहीत. नेट लागलं की फोन बंद, फोन आला की नेट बंद. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम २००१ साली निघाला आणि पोरं संगणकाला बोट लावायला धीट झाली. बारावीच्या निकालाच्या दिवशी दुकानाबाहेर लग्नासारखी गर्दी व्हायची. आणि माझं स्वतःचं दुःख वेगळंच होतं. मी एका संपादकांना मोठ्या उत्साहाने कविता ई-मेलने पाठवली. त्यांचं पोस्टकार्ड आलं: 'आपल्या कवितेच्या जागी चौकोनांच्या तीन ओळी मिळाल्या आहेत.' माझा फॉन्ट त्यांच्याकडे नव्हता! युनिकोड रुळेपर्यंत मराठी माणूस नेटवर असा चौकोनांत राहत होता. ज्या सेवेत आपली भाषाच उमटत नाही, तिच्याबद्दल समाधान विचारायचं तरी कसं?

२००४ साली केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. २५६ केबीपीएस आणि त्याहून अधिक वेगाला ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरलं. ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये दोन एमबीपीएस. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि पुढे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचलं. ते येत होतं जुन्याच तांब्याच्या तारेवरून. या तंत्राची एक खोड आहे. एक्स्चेंजपासून जसजसं लांब जावं तसतसा वेग मंदावतो. आणि जोडाच्या ठिकाणी पाणी शिरलं की सगळंच बिघडतं. आमच्याकडे पाऊस भरपूर, आणि पाऊस संपला की नाल्या आणि रस्ते खोदण्याचा हंगाम. एकाच शहरात, एकाच दराने, एक्स्चेंजजवळचा ग्राहक खूश असायचा आणि रुळांपलीकडच्या शेवटच्या गल्लीतला रडत असायचा.

२००६ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, ब्रॉडबँड सेवेच्या दर्जाचे नियम केले. अर्ज केल्यावर जोडणी किती दिवसांत द्यावी, बिघाड किती दिवसांत दुरुस्त व्हावा, तीन दिवसांहून जास्त लाइन बंद राहिली तर भाड्यात सूट किती द्यावी, हे सारं त्यात होतं. इतकंच नाही, तर ग्राहकांपैकी किती टक्के समाधानी असावेत हेही आकड्यात लिहिलं होतं. बिलाबद्दल नव्वद टक्क्यांहून अधिक, एकूण सेवेबद्दल पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक. मला हे वाचून खरोखर आनंद झाला होता. शंभर-दीडशे वर्षांनी का होईना, सरकारने रांगेतल्या माणसाला विचारायचं ठरवलं होतं. ते नियम २०२४ पर्यंत होते; आता त्यांच्या जागी नवे आले आहेत. पण या मोजमापात एक फट होती. समाधान विचारलं जातं ते ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याला. ती फट मला दिसली २०१२ साली, आणि ती दाखवणारा मुलगा सालेकसा तालुक्यातला होता.

एका सरकारी भरतीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. त्याच्या वयाची अट त्या वर्षी संपत होती. तो रेल्वेने आला त्या दिवशी माझी लाइन बंद होती. कुठे तरी नाली खोदताना केबल तुटली होती. मी कंपनीला फोन केला, लांबलचक तक्रार क्रमांक मिळाला आणि चोवीस तासांत लाइन सुरू होईल असं सांगण्यात आलं. कंपनीचं नाव मी घेत नाही. मुलगा म्हणाला, "दुसरीकडे पाहू का भाऊ?" मी म्हणालो, "उद्या ये, होऊन जाईल." दुसऱ्या दिवशीही लाइन नव्हती. मोबाइलवर मात्र संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. तिसरा दिवस शेवटचा होता. त्या दिवशी मी त्याला दुसऱ्या दुकानात नेलं, पण तोवर साऱ्या महाराष्ट्रातली पोरं त्या साइटवर तुटून पडली होती. रात्री बारापर्यंत पान उघडलंच नाही.

मी त्याला पहिल्या दिवशीच दुसरीकडे पाठवू शकलो असतो. पाठवलं नाही, कारण चाळीस रुपयांचं गिऱ्हाईक हातचं जाईल असं वाटलं. हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीच्या दफ्तरी माझी तक्रार 'निकाली' निघाली. तो मुलगा कुठल्याच दफ्तरी नव्हता. तो ना कंपनीचा ग्राहक, ना पाहणीतला उत्तर देणारा. त्या वर्षी कुणी समाधानाची टक्केवारी काढली असती, तर त्याचं वाया गेलेलं आयुष्याचं एक वळण तिच्यात अर्ध्या टक्क्यानेही दिसलं नसतं.

दाद मागता आली असती का? इथे कायद्याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याने सेवा घेणाऱ्यालाही ग्राहक मानलं. २००३ पासून व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा वगळला गेला, पण स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला ठेवलं. म्हणजे राइस मिलचा मालक बाहेर, माझ्यासारखा दुकानदार आत. पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असा निर्णय दिला की टेलिफोनच्या तक्रारींसाठी १८८५ च्या तार कायद्यात लवादाची सोय आहे, तेव्हा ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला कायदा माझ्या ब्रॉडबँडच्या आड उभा! ही वाट पुन्हा मोकळी झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मधली तेरा वर्षं कित्येकांनी 'जाऊ द्या' म्हणत काढली. ही माहिती आजही पुष्कळांना नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: आधी कंपनीकडे तक्रार करून क्रमांक घ्या, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा, पण जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही बंद नाही.

या काळात एक मोठा फरक पडला. इंटरनेट आधी सोय होती, मग ती सक्ती झाली. व्यापाऱ्यांवर ही वेळ आली ती १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल पाठवायचा तर ई-वे बिल हवंच. मालाने भरलेला ट्रक उभा असतो आणि नंबर निघेपर्यंत चाक हलत नाही. पण गिरणीवाल्याने यावर उपाय केला. दोन कंपन्यांच्या दोन जोडण्या घेतल्या, वर मोबाइल ठेवला. तो आज तुम्हाला समाधानी असल्याचं सांगेल, आणि ते खोटं नाही. त्याने समाधान विकत घेतलं आहे.

शेतकऱ्याचं तसं नाही. आधारभूत केंद्रावर धान विकायचं तर ऑनलाइन नोंदणी हवी. मार्केटिंग फेडरेशनचं केंद्र असो की आदिवासी विकास महामंडळाचं, सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन आधी नंबर लावावा लागतो. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइनच होते. तेव्हा अंगठा लावण्यासाठी बायाबापड्या माझ्या दुकानापुढे रात्रीपासून बसलेल्या मी पाहिल्या. २०२४ साली लाडकी बहीण योजनेच्या वेळी पुन्हा तीच रांग. मोलमजुरीने ज्यांचे अंगठे घासून गेलेत, त्यांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. मग आपण त्या म्हाताऱ्या बाईला सांगतो, हात धुऊन या, पुन्हा लावा. सी-डॉटचा एक्स्चेंज माणसाच्या हवामानाशी जुळवून घेत होता असं मी म्हटलं, ते यासाठी. आता माणसाने यंत्राशी जुळवून घ्यायचं आहे.

आकडेही हेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती आणि शहराची १ लाख ३२ हजार. म्हणजे दहातले नऊ जण शहराबाहेरचे. त्याच जनगणनेत देशातल्या फक्त ३.१ टक्के घरांत इंटरनेट असलेला संगणक होता. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरांतल्या ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली, खेड्यांत जेमतेम १५ टक्के. मधल्या काळात २०१६ साली स्वस्त डेटा आला आणि मोबाइल हातोहाती पोचला. पण २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. घरात फोन आहे, पण तो घरधन्याच्या खिशात आहे. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तेव्हा एका फोनवर तीन भावंडं आणि नेटवर्कसाठी टेकडी, हे जंगलपट्ट्यात सर्रास होतं.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट. २०२३ मध्ये तिच्यासाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. रेल्वेने २००० साली रेलटेल काढून रुळांच्या कडेने फायबर टाकलं. जिथे तारेचे खांब होते, तिथूनच आता प्रकाश धावतो. पण गाव 'जोडलं' जाणं आणि लाइन 'चालू' असणं या दोन गोष्टी आहेत. पंचायतीच्या खोलीत यंत्र आहे, खोलीला कुलूप आहे आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो तालुक्याला गेला आहे. अशा वेळी सरकारी कागदावर ते गाव जोडलेलंच असतं.

२०१२ नंतर मी दुकानात एक वही ठेवली. लाइन नसल्यामुळे जो परत गेला त्याचं गाव आणि त्याचं काम, एवढंच तिच्यात लिहितो. निराधार योजनेचा हयातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, धान नोंदणी, पीक विमा. बेरीज कधी केली नाही. करावीशी वाटत नाही.

तो सालेकशाचा मुलगा मागच्या वर्षी आला होता. आता तो मालवाहू गाडी चालवतो. धाकट्या भावाचा अर्ज भरायचा होता. मी ओशाळून विचारलं, "तिकडे लाइन कशी आहे आता?" तो म्हणाला, "बरी चालते जी. काही तक्रार नाही." अर्ज भरून झाला, पावती निघाली. शेवटची तारीख पाहिली तर अजून बारा दिवस होते. मी म्हटलं, "इतक्या लवकर कशाला आलास?" तो हसला. "काहून म्हणजे? लाइन नसली तं परत याले दिवस पायजेत ना भाऊ."

पाहणीवाल्याने विचारलं असतं, तर त्याचं नाव समाधानी ग्राहकांत गेलं असतं. तो गेल्यावर मी वही काढली. त्या दिवशी लाइन होती, तो परत गेला नव्हता, त्यामुळे लिहायला तसं काही नव्हतं. तरी मी त्याचं गाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: बारा दिवस आधी आला.